गावपळणीतली एक चूल

परसात नारळाची सोडणं, म्हणजे सोलून काढलेली सालं, साठतात तसे घरातले किस्से साठतात. मुद्दाम कोणी रचायला जात नाही. आज एक टाकलं, उद्या दोन टाकली, बघता बघता कमरेएवढा ढीग. मग एखाद्या दिवशी पाणी तापवायला म्हणून वरचं एक उचलावं, तर खाली विंचू! माझ्या ढिगात तर सोडणं कमी आणि विंचूच जास्त. तरी लोक येतात आणि म्हणतात, काकी, गावपळणीतल्या गमती सांगा. ऐकून हसतात, चहा पितात आणि जातात. हसा बापडे. मी हसण्यासाठी सांगत नाही.

हल्ली मुंबईची माणसं पोरांना घेऊन किनाऱ्यावर येतात. स्टोव्ह पेटवतात, पोरांच्या हातात कांदे देतात, आणि पोरानं एक कांदा सोलला की आई टाळ्या वाजवते. म्हणे उघड्यावर जेवलं की घर जवळ येतं. येतं का? मी पाहिलंय उघड्यावर जेवून. तीन दिवस घर जवळ येतं. चौथ्या दिवशी माणसं आपापल्या दारानं आत जातात.

गावपळण म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी, कधी जास्त वर्षांनी, देवाला कौल लावतात. देवानं हो म्हटलं की सगळा गाव वेशीबाहेर. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारे, बाळंतिणी, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटायची नाही, माणसाचा आवाज यायचा नाही. ओहोळाच्या पलीकडे मोकळ्या माळावर झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या, तीन दगड मांडायचे आणि उघड्यावर रांधून खायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल. देवानं परत या म्हटलं तर घरी, नाहीतर आणखी एक दिवस माळावर. मधे कोणी गावात पाऊल टाकायचं नाही. घरात सोन्याची लंका राहिली तरी राहिली.

आता आमच्या घराचं सांगते. घर एक आणि त्यात दोन भाऊ. थोरले भावोजी, त्यांची बायको म्हणजे माझ्या वयनी, त्यांची दोन मुलं बाबल आणि तारा. धाकटे म्हणजे आमचे हे मुंबईला गोदीत, सणासुदीला यायचे. मी आणि माझी दोन, दिगू आणि शालू. चूल एक होती, तोवर बरं होतं.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बाबल पाटीवर गिरवायचा ते बघून अक्षरं उचलली आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकले. मिरचीच्या पुडीवर निवडणूक, जिऱ्याच्या पुडीवर लग्नाची जाहिरात, हिंगाच्या पुडीवर अर्धी गोष्ट. ते कागद मी सुतळीनं बांधून चुलीमागच्या फळीवर ठेवायची. माझी तेवढीच इस्टेट. वयनींना ते खुपायचं, कारण त्यांचा बाबल अभ्यास सोडून माझ्या चुका काढत बसायचा. एका सकाळी फळी रिकामी, आणि न्हाणीत पाणी कढत! गठ्ठा मुद्दाम जाळला की हाताला लागला म्हणून जाळला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी वयनींच्या हातचं पाणीसुद्धा प्याले नाही, त्याही माझ्या हातचं प्याल्या नाहीत. पावसाच्या आधी भावोजींनी माजघरापासून मागच्या दारापर्यंत चिऱ्यांची भिंत घातली. एका कागदाच्या गठ्ठ्यापायी!

ती भिंत अजून उभी आहे. पलीकडे आता कोणी नाही, नुसत्या पाली. मला ती भिंत पडायला हवी होती. ती घातली त्याच दिवसापासून पडायला हवी होती. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण तेव्हा जीभ हासडली असती तरी बोलले नसते.

*

पन्नास साल उलटल्यावरची ती पहिली गावपळण. भिंतीला जेमतेम वर्ष झालेलं. माळावर जागा वाटायला गावकर, म्हणजे गावचे मानकरी, काठी घेऊन फिरत होते. ऐंशीच्या घरातला माणूस. एक घर, एक राहुटी, एक चूल, असा त्यांचा हुकूम. भावोजी पुढे झाले आणि म्हणाले की आमची घरं आता दोन झाली, आम्हांला जागा दोन द्या.

गावकरांनी काठीनं जमिनीवर एकच चौकोन काढला. म्हणाले, "देवान घर भायर काढल्यान, भिंत न्हय."

झालं! एकच राहुटी घातली. आत मधोमध वयनींनी साडी बांधून पडदा केला. पण चुलीला पडदा कसा बांधणार? तीन दगड मांडलेले आणि दोन बायका दोन बाजूंना पाठ करून बसलेल्या. सगळ्या माळावर धूर, आमच्या चुलीत मुंगळे फिरतायत. सूर्य डोक्यावर आला. वयनी माझ्या हातचं खाणार नाहीत, मी त्यांच्या हातचं खाणार नाही. भावोजी एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे. पोरं रडकुंडीला आलेली.

बाबल तेव्हा बारा वर्षांचा. तो मधे उभा राहिला, आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आमी जेवाण केला तर खातलास?"

दोघींनीही नाही म्हटलं नाही, आणि आमच्या घरात ते हो म्हटल्यासारखंच होतं.

*

पोरांनी लगेच कामं वाटून घेतली. चूल पेटवायची बाबलनं. टोप चढवायचा आणि ढवळायचं तारानं. ती दहा वर्षांची, वयनींची मुलगी, दोनदा ओरडल्याशिवाय एक काम न करणारी, पण त्या दिवशी कमरेला पदर खोचल्यासारखा परकर खोचून तयार! आमच्या दिगूनं लसूण ठेचायची. राहिली शालू. सहा वर्षांची. तिला काय द्यायचं? विस्तवाजवळ नको, कोयत्याजवळ नको. बाबल म्हणाला, ही मीठ घालील.

भात आणि कुळथाची पिठी. भात खाली करपलेला, वर कच्चा. मधला थर तेवढा माणसांनी खाण्यासारखा. पिठीत मात्र शालूनं आपली मूठ रिकामी केली. कुणी सांगितलं किती घाल, तर कुणीच नाही. तिच्या मुठीत मावलं तेवढं.

पंगत बसली. दोन्ही घरांची मिळून एक पंगत, वर्षानंतर. पहिला घास घेतला आणि सगळ्यांचे हात थांबले. भावोजी तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याले आणि त्यांनी शालूला विचारलं, "दर्याचा पाणी घातलंस काय गो?"

शालूनं विचार केला. अगदी खरोखर विचार केला, माळावरून कुठल्या बाजूला समुद्र आहे ते बघितलं, आणि म्हणाली, "नाय आबा, दर्यो लांब आसा."

भावोजी असे हसले की पाठीमागच्या राहुटीतली माणसं बघायला आली. पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून वयनींचाही आवाज आला. मला वाटलं, ठसका असेल. पिठी सगळी संपली. तीन दिवस तेच खारट जेवलो, कारण तिच्या हातातलं मीठ काढून घ्यायला कुणाची छाती झाली नाही.

*

त्याच गावपळणीतला दुसरा दिवस. पोरांना सोलकढी करायची लहर आली. नारळ होते, सोलं होती. आडाळो कुठाय? नारळ खवायचा आडाळो! आमच्या घरात दोन आडाळे, भिंतीच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. वयनींना वाटलं मी आणीन. मला वाटलं त्या आणतील. दोन्ही आडाळे घरी, आणि घर गावात! गावात पाऊल टाकायचं नाही. शेजाऱ्यांकडे मागायचं तर त्यांनी विचारलं असतं की दोन चुलींच्या घरात एक आडाळो नाही? मग कोण मागणार? ना वयनी, ना मी.

तासाभरानं पोरं कढीचा टोप घेऊन हजर. काय तो रंग! तांबूस, दाट, बघत राहावा असा. वयनींनी एक वाटी पिऊन बाबलकडे बघितलं. "रंग बरो इलो हा," म्हणाल्या. आणखी दोन वाट्या घेतल्या.

दिगू माझ्या कानाशी आला. कुजबुजला की आम्ही नारळाचे तुकडे जांभ्या दगडावर घासले.

जांभ्यावर! म्हणजे तो रंग सोलांचा नव्हे, दगडाचा. मी सांगू शकले असते. एका शब्दानं वयनींची वाटी खाली ठेवता आली असती. पण बोलायचं तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं. शिवाय त्या तीन वाट्या पितात आणि मी नाही, हे कसं दिसलं असतं? मीही दोन प्याले. चार दिवस दातांत कचकच. घरी गेल्यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चुळा भरल्याचे आवाज.

*

आता जे सांगते त्यात हसण्यासारखं काही नाही. तरी किस्साच आहे, माझ्या ढिगातला सगळ्यात मोठा विंचू.

गावपळण संपली, सगळे घरी आले, आपापल्या दारांनी आत गेले. पण पोरांना ते मान्य नव्हतं. भिंत मागच्या दारापर्यंतच होती, परसू दोघांचंच. महिन्याभरात पोरांनी फणसाखाली तीन दगड मांडले. रोज संध्याकाळी बाबल पेटवायचा, तारा टोप चढवायची, दिगू लसूण ठेचायचा, शालू मीठ घालायची. मूठभर तांदूळ या घरातून, मूठभर त्या घरातून. आणि शिजलं की दोन्ही दारांशी येऊन हाका. आये, ये. काकी, ये. आम्ही जात नव्हतो. चार वाजले की माझे कान मागच्या दाराकडे लागायचे ते वेगळं.

एका संध्याकाळी मी गेले. खरंच गेले. पदराला हात पुसले, उंबरा ओलांडला. बघते तर वयनी आधीच येऊन चुलीशी उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मला वाटलं, हसल्या. हरली, आली, असं हसल्या. आज म्हणाल तर सांगता येणार नाही. उन्हं तिरपी होती, धूर होता. डोळ्यांत धूर गेला तरी माणसाचं तोंड तसंच होतं.

मी वाकले आणि तीन दगडांतला एक ओढला. टोप कलंडला. भात मातीत. दुसरा दगड उचलून विहिरीच्या बाजूला फेकला. हात भाजला, तोही दाखवला नाही.

शालू मिठाची करवंटी छातीशी धरून उभी. तिनं फक्त एवढं विचारलं, "आता मीठ खंय घालू?"

परसात पुन्हा कधी चूल मांडली गेली नाही. काय वाटलं असेल तुम्हांला ते मला कळतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि कळूनही मी आत जाऊन दार लावलं.

*

चार वर्षांनी पुन्हा कौल झाला. पुन्हा एक राहुटी, एक चूल. पोरं मोठी झालेली. बाबलच्या ओठांवर मिसरूड, तारा आता भात करपू देत नव्हती, दिगू लसूण ठेचता ठेचता गाणी म्हणायचा. शालू दहा वर्षांची. तिला सगळं येत होतं, भाकरीसुद्धा गोल यायची, पण मीठ तिचंच. आणि मीठ जास्तच! मी एकदा म्हटलं, अगं, हात आवर. तर म्हणाली की कमी घातलं तर आबा काय विचारणार?

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी देवानं कौल दिला नाही. आणखी एक दिवस माळावर! सगळा गाव कुरकुरला. शिधा संपलेला, म्हातारी माणसं थंडीनं आखडलेली. नाचली ती फक्त आमची चार पोरं.

तारा माझ्याकडे धावत आली. पडद्याच्या माझ्या बाजूला. म्हणाली, "काकी, कायमचाच हंयसर ऱ्हवलाव तर देवाक चलात काय?"

पडद्यापलीकडे वयनींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. ऐकत होत्या. मी चलात, म्हणजे चालेल, म्हटलं असतं तर? तीन अक्षरांचा शब्द तो, काही जड नव्हे. मी म्हटलं, नाटकं नको, भांडी घास.

तर शिधा संपला होता. निदान मोठी माणसं तसं सांगत होती. पोरांनी राहुटी उपसायला घेतली. वयनींच्या अंथरुणाखाली निघाले दोन पायली पोहे. माझ्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, निघाली गुळाची ढेप. दोघींनीही आपापल्या पोरांसाठी लपवलेलं. आता कुठे तोंड लपवणार? पडदा तर पोरांनी सोडून टाकला होता, गूळ फोडायला खाली अंथरायला.

बाबलनं पत्रावळींवर वाढलं. गूळ, पोहे, वर ओलं खोबरं. या खेपेला आडाळे दोन होते! वाढताना मोठ्यानं म्हणत गेला, "एकीचे फोव, दुसरीचो गूळ. दोगीय चोर."

आम्ही दोघी एकाच वेळी खाली बघून खात होतो. एवढे गोड पोहे मी जन्मात खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कौल झाला.

*

शालू त्यानंतर दोन वर्षांनी गेली. ताप. पाच दिवस. सहाव्या दिवशी बैलगाडी जुंपली तेव्हा गाडीची गरज राहिली नव्हती. याहून जास्त मी लिहिणार नाही.

फक्त एक सांगते. आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही, शेजारी पेज आणून देतात. वयनींनी ती आणली असती का, मला माहीत नाही. त्यांना आणताच येत नव्हती. भावकी ना! चूल वेगळी असली तरी सुतक एकच. तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या चुली थंड, आणि दोन्ही बाजूंना शेजारीण एकाच टोपातली पेज वाढून गेली. मी या बाजूला भिंतीला टेकून बसलेली. त्या बाजूला कोणीतरी भिंतीला टेकलेलं. चिरा जाड असतो, पण रडणं आरपार जातं. मी हाक मारली नाही. तिकडूनही आली नाही.

दहा दिवस एका भिंतीला दोन पाठी. बाराव्यानंतर दोन्ही चुली पेटल्या. आळणी, खारट, काय शिजवत होते देव जाणे. शालूचं नाव मात्र दोन्ही घरांत बंद झालं.

*

मग घरं रिकामी होत गेली. इकडे घरं रिकामी व्हायला वेळ लागत नाही, एका बाजूला बस आणि दुसऱ्या बाजूला बोट. बाबल मुंबईला गिरणीत लागला. दिगूला आमच्या ह्यांनी गोदीत नेलं. तारा लग्न होऊन मिठबावला गेली. भावोजी एका पावसाळ्यात आडवे झाले ते उठले नाहीत. राहिलो आम्ही दोघी आणि मधे भिंत.

बाबलचं पोस्टकार्ड आलं. पत्त्यावर दोन्ही नावं, "आई व काकीस". पोस्टमन अंगणात उभा, कुठल्या दाराला द्यावं त्याला कळेना. वयनींना वाचता येत नव्हतं. शेवटी त्यानं माझ्या हातात दिलं. आता काय करायचं? त्यांच्या मुलाचं पत्र. त्यांना हवं असणार. पण त्यांच्या दारात मी जाणार नाही, आणि माझ्या दारात त्या येणार नाहीत.

मी भिंतीशी बसले आणि भिंतीला वाचून दाखवलं. मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. खोलीत बारा जण आहोत. स्वयंपाक माझ्याकडेच आहे, सगळे म्हणतात तू कुठे शिकलास. मी सांगतो, माळावर. पिठी चांगली जमते. मीठ मात्र मी दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगतो. आपली तब्येत जपावी.

वाचून झालं. मग पलीकडे वयनी कुणाशी तरी बोलल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"भिंतीक आयकाक येवक नाय."

मी पुन्हा वाचलं. मिठाच्या ओळीशी आले आणि तिथेच थांबले. तिकडून कोणी पुढचं विचारलं नाही. त्यानंतर येणारं प्रत्येक कार्ड मी भिंतीला दोनदा वाचायची. कागद जाळणाऱ्या बाईला वाचून दाखवते आहे, असं मनात यायचं. मग वाटायचं, त्यांच्या मनात काय येत असेल? विचारलं नाही. एवढी वाचायला शिकले, पण विचारायला काही शिकले नाही.

*

मधे कितीतरी वर्षं देवानं कौल दिला नाही. दिला तो साठ सालही मागे पडल्यावर. काठीवाले गावकर वारले होते, त्यांचा मुलगा जागा वाटत होता. त्यानं आमच्याकडे बघितलं, दोन पिकल्या केसांच्या बायका, आणि न विचारता एकच चौकोन काढला.

राहुटी शेजाऱ्यांनी घालून दिली. तीन दगड मी मांडले. पडदा कुणी बांधला नाही. दोघींत पडदा कसला? पहिला दिवस आपापले कोरडे पोहे खाल्ले. एकमेकींकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. सगळ्या माळावर चुली पेटलेल्या, पोरं धावतायत, कांद्याचा वास, आणि आमच्या चुलीत पुन्हा मुंगळे. वयनींनी तांदूळ धुतले. टोप आणून दगडांजवळ ठेवला. चढवला नाही. चढवला असता तर ते त्यांचं रांधणं झालं असतं आणि मी खाल्लं नसतं. त्या ओहोळाकडे तोंड करून बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाबल, चूल पेटय रे."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. बाबल मुंबईत. मी बघत राहिले. त्या ओहोळाकडेच बघत होत्या, पण काड्याची पेटी माझ्या बाजूला सरकवलेली होती.

मी उठले. चूल पेटवली. लाकूड ओलं होतं, फुंकून फुंकून डोळे लाल झाले. जाळ धरल्यावर मीही ओहोळाकडे बघितलं आणि म्हटलं, "तारा, टोप चढय गो."

वयनी उठल्या आणि त्यांनी टोप चढवला.

मग त्या म्हणाल्या दिगू, लसूण ठेच. मी ठेचली. मी म्हटलं बाबल, जाळ कमी कर. त्यांनी लाकूड ओढलं. मी म्हटलं तारा, पिठी कालव. त्यांनी कालवली. एकमेकींशी एक शब्द नाही. शेजारच्या राहुट्यांतली पोरं येऊन गोल करून उभी राहिली, दोन म्हाताऱ्या कुणाला हाका मारतायत ते बघायला. एक पोर आईला विचारायला पळालं.

भात झाला. पिठी उकळायला लागली. सगळं घातलं होतं. एकच राहिलं होतं. मिठाची करवंटी दोघींच्या मधे होती. पिठी दाट व्हायला लागली, बुडबुडे फुटायला लागले, खाली लागेल अशी भीती. ते नाव मला घेता येणारच नव्हतं.

वयनींनी पदर तोंडाशी नेला आणि मग काढला.

"शालू," म्हणाल्या, "मीठ घाल गो."

मी उठले. करवंटीत हात घातला, मूठ भरली, आणि मावलं तेवढं सगळं पिठीत सोडलं.

दोन पत्रावळी मांडल्या. वयनींनी पहिला घास घेतला. त्यांचा हात थांबला. चौदा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा काही विचारलं, "खारट झाली?"

"दर्यो लांब आसा," वयनी म्हणाल्या, आणि पत्रावळ पुढे केली.